सुनामी किती वाजता पोचेल? गावाच्या नकाशावर वेळ लिहायचीय, मदत हवी

खाडीकाठचा · रविवार, रात्री 10:14

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामपंचायतीने आपत्ती आराखडा नवा करायला घेतलाय आणि ग्रामसभेत कोणीतरी म्हणालं ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतं, नकाशा ह्याच्याकडून करून घ्या. झालं, माझ्या गळ्यात पडलं. गावाचं नाव लिहीत नाही, रत्नागिरी जिल्ह्यात आहे, पुढे समुद्र, मागे खाडी, मधल्या पट्ट्यात तीन वाड्या आणि त्यांच्या उत्तरेला सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार. पूर, वादळ, दरड ही पानं भरून झाली. सुनामीच्या पानावर जुन्या आराखड्यात दोनच शब्द आहेत, "लागू नाही".

ते काय मला पटेना. 1945 साली मकरानला, म्हणजे आत्ताच्या पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळ, 8.1 चा भूकंप झाला होता आणि त्याची लाट मुंबईत आली, माणसं गेली, हे वाचलेलं होतं. म्हणून समुद्राच्या खोलीचा जेब्कोचा फुकट मिळणारा डेटा उतरवला, क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या प्रोग्राममध्ये टाकला, प्रत्येक चौकटीत लाटेचा वेग काढला (गुरुत्वाकर्षणाचा 9.8 गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ, एवढंच सूत्र आहे) आणि मकरानपासून कुठे किती वेळात पोचते त्याच्या रेषा पाडल्या. एका रेषेवर सगळीकडे लाट एकाच वेळी, अशा अर्ध्या अर्ध्या तासाच्या रेषा.

आता अडचण अशी की माझा नकाशा मला उलटा वाटतोय. मुंबई मकरानपासून सरळ रेषेत साधारण 1200 किमी, आम्ही 1400 च्या आसपास. तरी मुंबईला वेळ येतोय जवळजवळ साडेचार तास आणि आमच्याकडे साडेतीन! लांबचा आधी आणि जवळचा नंतर असं कसं होईल? अक्षांश-रेखांश तीनदा तपासले, ग्रिड उलटं लागलं नाहीये. कोणी बघेल का काय चुकतंय ते? बुधवारी सरपंचांना दाखवायचंय.

निवांत · रविवार, रात्री 10:31

साडेतीन तास म्हणजे मस्त की, चहा पिऊन निघायचं.

नकाशेवाला · रविवार, रात्री 11:02

खाडीकाठचा, तुझं काही चुकलेलं नाही, नकाशा बरोबर आहे. तू किलोमीटर मोजतोयस, लाटेला खोली दिसते.

हे बघ, 3000 मीटर खोल पाण्यात वेग येतो सेकंदाला 171 मीटर, म्हणजे ताशी सहाशे किमीच्या वर, विमानाच्या जवळपास. तीच लाट 50 मीटर पाण्यावर आली की ताशी 80, म्हणजे हायवेवरची एसटी. 10 मीटरवर ताशी 36, पावसातली आमची स्कूटर. आता कोकणासमोरचा उथळ पट्टा बघ. खंडाचा समुद्रात बुडालेला ओटा आहे तो, मुंबईसमोर सर्वात रुंद, तीनशे किमीच्या आसपास, आणि दक्षिणेला जाशील तसा निमुळता होत जातो, कोचीसमोर साठ-सत्तरवर येतो. तुमच्यासमोर मुंबईच्या निम्म्याने धर. मुंबईकडे निघालेली लाट खोल समुद्र दीड तासात उडवते आणि मग ओट्यावर चढून तीन तास रांगते. तुमच्याकडे येणारी खोल पाण्यात दोन तास घेते, पण ओटा सव्वा-दीड तासात संपतो. त्यामुळे साडेतीन आणि साडेचार हे अगदी पटण्यासारखे आकडे आहेत. मालवण-वेंगुर्ला काढून बघ, तेही मुंबईच्या आधीच निघेल.

पण एक विनंती, नकाशावर "3 तास 34 मिनिटं" असलं काही लिहू नकोस. तू उगम एक टिंब धरलायस ना? मकरानची फट नऊशे-हजार किमी लांब आहे. कुठला तुकडा तुटतो त्यावर अर्धा तास सहज इकडचा तिकडे होतो. शिवाय जेब्कोची चौकट साडेचारशे मीटरची, किनाऱ्याजवळच्या खोलीचा तिच्यावर काय भरवसा नाही, तुझ्या खाडीचं तोंड तर त्यात दिसतही नसेल. पूर्वेकडचा तुकडा, मधला, पश्चिमेकडचा, तिन्हीचं गणित कर आणि त्यातली सगळ्यात कमी वेळ घे. आराखड्यासाठी तीच.

मास्तर_निवृत्त · सोमवार, सकाळी 6:48

1945 चा पडताळा घेता येईल तुम्हाला. भूकंप 28 नोव्हेंबरच्या पहाटे, आपल्या घड्याळात 3 वाजून 26 मिनिटांनी. मुंबईत पाणी आल्याची नोंद सकाळी सव्वाआठची. म्हणजे पावणेपाच तासांच्या थोडं वर. तुमचा साडेचारचा आकडा त्याच्या जवळच बसतो, आणि नोंद ही माणसांना पाणी दिसलं तेव्हाची असते, लाटेचं पहिलं टोक लागलं तेव्हाची नव्हे. मुंबईत उंची साधारण दोन मीटर होती. कारवारलाही पाणी चढल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे मधला कोकण काही सुटला नसणार, इकडे लिहून ठेवणारं कोणी नव्हतं इतकंच.

दुसरं. पहिली लाट सर्वात मोठी असेल असं बिलकुल धरू नका. खुद्द पसनीला 1945 मध्ये मोठी लाट भूकंपानंतर दोन-तीन तासांनी आली होती, अगदी उगमाच्या दारात असून. तेव्हा तुमच्या रेषा सांगतात त्या सुरुवातीच्या वेळा. शेवट कधी ते त्या सांगत नाहीत. लाटा पुढे दहा-बारा तास येत राहू शकतात, खाडीत तर हेलकावे आणखी लांबतात.

केळशीच्या वाळूच्या टेकडीबद्दल डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठ्यांनी तो सुनामीचा थर असल्याचं मांडलं होतं, ते सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही. पण 1524 मध्ये वास्को द गामाच्या ताफ्याला दाभोळच्या आसपास समुद्र हादरल्याचा अनुभव आला हे पोर्तुगीज कागदांत आहे. तेव्हा "लागू नाही" लिहिणाऱ्याला एक वर्ग खाली बसवायला हवं.

कातळावरची · सोमवार, सकाळी 9:20

मी चिपळूणची. आमच्याकडे शाळेत शिकवतात की जमीन हलली तर समुद्रापासून लांब उंच जागी जा. जपानला ठीक आहे ते, आपल्याकडे उलटं आहे सगळं. आपल्याला जे धक्के जाणवतात ते कोयनेचे, 1967 पासून माझ्या आईच्या तोंडात तीच गोष्ट, भांडी कशी वाजली आणि अंगणात कसे झोपलो. त्यांनी सुनामी येत नाही. आणि ज्याने येईल तो मकरानचा धक्का इथे झोपलेल्याला कळणारही नाही बहुतेक. म्हणजे आपल्याकडे निसर्गाची घंटा वाजतच नाही, सगळी मदार फोनवर. समुद्र अचानक आत ओढला गेला तर ती खूण खरी, पण तीही दर वेळी होतेच असं नाही, आणि रात्री बघणार कोण.

म्हणून खाडीकाठचा, तुझ्या नकाशात साडेतीन तास लिहिलेस तरी लोकांचं घड्याळ सुरू होतं इशारा हातात पडल्यावर. ते शून्य कुठे धरलंयस?

निवांत · सोमवार, सकाळी 9:41

परवा यूट्यूबवर एकाने सांगितलं कोकण बुडणार म्हणून, तारीख पण दिली होती

नकाशेवाला · सोमवार, सकाळी 9:58

भूकंपाची तारीख सांगणारा दिसला की चॅनेल बदलावा. भूकंप झाल्यावर लाटेची वेळ सांगता येते, आणि तीही चांगली सांगता येते, हा धागा त्याच्यावर आहे.

गजालीतलो · सोमवार, दुपारी 1:15

मी देवबागचो. आमच्याकडे एका हाताक समुद्र, दुसऱ्या हाताक कर्ली, मधी वाळूची पट्टी, आणि रस्तो एकच, तारकर्लीसून मालवणाक. डोंगर खंय? लाट येतली तेव्हा येतली, पण रात्री बारा वाजता माका उठवतलो कोण ता आधी सांगा. आणि उठलंय तर त्या एका रस्त्यार सगळ्यांच्यो गाडयो, वर टुरिस्टांच्यो. तुमच्या साडेतीन तासातलो दीड तास थयच जातलो.

खाडीकाठचा · सोमवार, रात्री 9:37

सगळ्यांचे आभार. तीन तुकड्यांचं गणित केलं, आमच्याकडे सर्वात कमी आली ती तीन तास दहा मिनिटं, तीच धरतो आणि खाली करून तीन तास लिहितो.

कातळावरची, तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून आज बसून मागे मोजत आलो. हैदराबादचं इन्कॉईसचं सुनामी इशारा केंद्र भूकंपानंतर दहाएक मिनिटांत पहिलं बुलेटिन काढतं. पण मी त्यांची पद्धत वाचली त्यात असं आहे की ज्या किनाऱ्याला लाट तासाभरात पोचणार त्याला लगेच वॉर्निंग, आणि जो लांब आहे त्याला आधी वॉच, म्हणजे नुसतं लक्ष ठेवा, मग समुद्राच्या तळाशी दाब मोजणारी यंत्रं आणि भरतीमापकं ह्यांच्याकडून लाट निघालीय हे पक्कं झालं की वाढवायचं. आम्ही लांबच्यातले. पद्धत बरोबरच आहे, नाहीतर दर खेपेला गाव पळवून लोकांचा विश्वास उडायचा, पण पक्कं होण्यात वेळ जाणार तो आपल्या तीन तासांतूनच. मी एक तास धरला. मग राज्य, जिल्हा, तालुका, तलाठी, पोलीस पाटील. इथे मला हसू आणि रडू दोन्ही आलं. मागे एकदा वादळी वाऱ्याचा इशारा कागदावर संध्याकाळी साडेपाचचा होता आणि आमच्या ग्रुपवर पडला रात्री पावणेदहाला, मध्ये कुठल्या टेबलावर झोपला होता देव जाणे. सव्वाचार तास! त्या हिशोबाने लाट येऊन गेल्यावर मेसेज येईल. आता सचेत ॲपवरून आणि मोबाईलवर थेट भोंग्यासारखा येणारा इशारा आहे, त्याच्या भरवशावर मी हा टप्पा अर्धा तास धरलाय, पण निसर्ग वादळाच्या वेळी (3 जून 2020) टॉवरच आडवे झाले होते हेही लक्षात आहे.

तीन तासांतून दीड तास गेला. उरला दीड. त्यात लोकांनी दारं लावायची, म्हाताऱ्यांना उचलायचं, गोठ्यातली जनावरं सोडायची.

मग मी रंग बदलले. समुद्रावर रेषा आहेत त्या राहू दे, पण गावाच्या नकाशात प्रत्येक घरापासून 10 मीटरच्या वर असलेल्या जागेपर्यंत चालत किती मिनिटं, तो रंग दिलाय. म्हाताऱ्या माणसाचा वेग सेकंदाला पाऊण मीटर, चढणीला त्याच्या निम्मा. दोन वाड्या हिरव्या आल्या. खालची वाडी लाल येईल वाटलं होतं, तीही हिरवी आली, कारण तिथून सड्यावर थेट पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, जाते. फार बरं वाटलं.

मास्तर_निवृत्त · सोमवार, रात्री 10:05

10 मीटर कुठून मोजलेत? उपग्रहाच्या उंचीच्या डेटातला शून्य आणि आपल्या उधाणाच्या भरतीचं पाणी ह्यांत फरक असतो. रत्नागिरीला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या वर फरक पडतो, मुंबईला त्याहून बराच जास्त. लाट ओहोटीला आली तर पुळणीवरच संपेल, उधाणाच्या भरतीवर चढून आली तर तीच लाट वाडीत. आराखडा उधाणावर करा. शिवाय तो डेटा माडांचे शेंडे जमीन समजतो कधीकधी! खालच्या वाडीत माड आहेत ना?

खाडीकाठचा · सोमवार, रात्री 10:11

आहेत की. गच्च. बापरे, हे लक्षातच आलं नव्हतं.

कातळावरची · सोमवार, रात्री 10:26

आणि निवारा म्हणून शाळा लिहिली असशील तर खोड आधी. निसर्गला आमच्या नातेवाइकांना किनाऱ्यालगतच्या शाळेत ठेवलं होतं, वादळासाठी ठीक, वर स्लॅब आहे. सुनामीला स्लॅब नाही, उंची बघायची. दोन्हीला एकच जागा लिहितात सगळे, एकाच रकान्यात.

तांडेल · मंगळवार, पहाटे 4:52

जेटीवर बसून लिहितोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. बोटींचं कोणीच बोललं नाही. सुनामीचा इशारा आला की बोट खोल पाण्यात न्या असं आम्हाला एका ट्रेनिंगला सांगितलं, शंभर वाव. छान. शंभर वाव म्हणजे 180 मीटर पाणी, ते आमच्या बंदरापासून किती लांब माहितीय काय, नकाशेवाल्यांनी सांगितलेला तो ओटा अख्खा ओलांडायला लागेल. माझी बोट आठ नॉटने जाते म्हणजे तासाला पंधरा किलोमीटर, सव्वाशे किलोमीटरला आठ तास. अमेरिकेत किनारा सोडला की खोल असेल त्यांचा, आपला नाही. मग करायचं काय? बंदरात बोट ठेवली तर एकमेकांवर आपटून भुगा होणार हे पण खरं, खाडीच्या तोंडात पाण्याला ओढ अशी येते की इंजिन टिकत नाही.

नकाशेवाला · मंगळवार, सकाळी 8:30

तांडेल, लाख मोलाचं बोललात. तुमचा हिशोब बरोबर आहे. पण शंभर वाव गाठलेच पाहिजेत असं नाही, उथळाकडे येताना लाटेची उंची खोलीच्या चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणजे हळू वाढते. 40 मीटर पाण्यात जी लाट एक मीटर असेल ती 5 मीटर पाण्यात पावणेदोनच्या आसपास, आणि तिथून पुढे ती फुटते, वळते, अडते, खरा धिंगाणा तिथे. वीस-बावीस वावांवर लाट लांबलचक पसरलेली असते, बोट वर जाते नि खाली येते, कदाचित कळतही नाही. म्हणजे जी बोट आधीच बाहेर आहे तिने परत यायचं नाही, बाहेरच राहायचं, हे नक्की. जी बंदरात आहे तिच्याबद्दल मी पैज लावणार नाही. इंजिन तयार, माणसं बोटीवर आणि हातात दोन तास असतील तर बाहेर. नाहीतर दोर सोडून द्या आणि माणसं सड्यावर. आणि जो घरी झोपलेला असेल त्याने बोट वाचवायला खाली उतरायचं नाही.

तांडेल · मंगळवार, सकाळी 8:44

वीस वावांवर तर आम्ही रोज असतो. तिथे मोबाईलला रेंज नसते, बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ चालू ठेवायला सांगतो सगळ्यांना. निम्मे बंद ठेवतात, बॅटरी खाते म्हणून.

चाकरमानी_डोंबिवली · मंगळवार, सकाळी 11:19

घरं मोजताना लोकसंख्या कुठली धरली? गणपतीत आमच्या वाडीत घरटी दहा-बारा माणसं असतात, एरवी दोन म्हातारी. मे महिन्यात होमस्टेवाले वेगळे, त्यांना तर सडा कुठल्या दिशेला तेही ठाऊक नसतं. आणि एक शंका, 2004 सारखी सुमात्राकडून आली तर?

नकाशेवाला · मंगळवार, सकाळी 11:50

26 डिसेंबर 2004 ला ती श्रीलंकेला वळसा घालून केरळात पोचली आणि तिथे माणसं गेली, तेव्हा वळसा घेते हे खरं. आपल्यापर्यंत येताना बरीच दमलेली होती. वेळही भरपूर मिळतो. काळजीचं घर मकरानच.

खाडीकाठचा · शनिवार, रात्री 8:03

उशीर झाला लिहायला. बुधवारची बैठक झाली, सरपंचांना साडेतीन विरुद्ध साडेचार हा प्रकार जाम आवडला, "म्हणजे मुंबईच्या न्यूजची वाट बघत बसलो तर गेलो" असं तेच म्हणाले, मी न सांगता. आराखड्यातलं "लागू नाही" खोडलं.

आज पहाटे पाच वाजता खालच्या वाडीतून सड्यावर चालून बघायचं ठरवलं, बॅटऱ्या घेऊन, लाइट गेलेत असं समजून. मी, दोन पोरं, आणि आमची काकी, वय 74, गुडघे दुखतात तरी हट्टाने आली, म्हणाली तुमच्या कॉम्प्युटरला माझे गुडघे काय ठाऊक. माझ्या नकाशात तिच्या घरापासून 19 मिनिटं. माडांच्या बनातून वहाळापर्यंतच 11 गेली, साकव एका बाजूने खचलाय, काकीला दोघांनी धरून नेलं. पाखाडीच्या 60-70 पायऱ्या चढलो, जांभ्याच्या, शेवाळाने गुळगुळीत. आणि वर वळणावर बघतो तर गडगा. नवीन, छातीएवढा, त्यात लोखंडी गेट, गेटाला कुलूप. वरची आंब्याची बाग दोन वर्षांपूर्वी विकली गेली, नवीन मालक बाहेरचे, त्यांनी चोऱ्या होतात म्हणून पाखाडी आत घेतली. वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी नकाशा करताना कोणाला विचारलंच नव्हतं, उपग्रहाच्या फोटोत झाडाखाली गेट दिसत नाही.

काकी गेटासमोर पायरीवर बसली, श्वास घेतला, म्हणाली, "हय बसू काय लाट येईपर्यंत?" पोरं हसली, मला काय हसू आलं नाही. मागे फिरून डांबरी रस्त्याने सड्यावर गेलो, घर सोडल्यापासून 52 मिनिटं.

हातात दीड तास होता, त्यातली 52 मिनिटं एकट्या काकीची, तीही आम्ही तिघं सोबत असताना, आणि वाडीत तिच्या वयाची नऊ माणसं आहेत. खालची वाडी लाल केलीय.

गजालीतलो · शनिवार, रात्री 8:20

गेटाची चावी कोणाकडे आसता?

खाडीकाठचा · शनिवार, रात्री 8:34

राखणदाराकडे. तो राहतो खालच्या वाडीत. उद्या ग्रामसेवकांना घेऊन मालकांना फोन करतोय, दुसरी चावी पोलीस पाटलांकडे आणि गेट आतल्या बाजूला उघडणारं आहे ते बाहेर उघडेल असं करून द्या म्हणून. साकवाचं वेगळं पत्र टाकतोय.

मास्तर_निवृत्त · शनिवार, रात्री 8:51

गेट आत उघडू दे, लोक सड्याच्या दिशेने ढकलतच येणार आहेत. बाहेर उघडणारं केलंत तर पायऱ्यांवरची माणसं मागे सरकवावी लागतील. चावीचं मात्र बघा. त्यापेक्षा कुलूप न लावता नुसती कडी राहील का विचारा.

खाडीकाठचा · शनिवार, रात्री 8:55

बरोबर, मी उलटं लिहिलं. कडीचं विचारतो.

कातळावरची · शनिवार, रात्री 9:10

काकींना विचार पुढच्या वेळी रात्री येतील का. अमावास्येची, भरतीला.

खाडीकाठचा · शनिवार, रात्री 9:26

विचारलं. म्हणते येईन, पण आधी साकव दुरुस्त करा.